परक्या ठिकाणी ओळखीचा वास, ओळखीचा स्पर्श: काय न्यावं आणि कसं वापरावं

प्रश्न थोडक्यात असा: हॉस्टेल, कामाचा दौरा, हॉस्पिटलमधला मुक्काम अशा कारणाने घराबाहेर राहावं लागलं की पहिल्या काही रात्री धडधड होते, पोटात गोळा येतो, झोप लागत नाही. घरचा वास असलेलं कापड किंवा एखादी मऊ वस्तू जवळ ठेवल्याने खरंच फरक पडतो का? पडत असेल तर नेमकं काय करायचं?

फरक पडतो, पण बहुतेकांची फसगत एकाच जागी होते. निघायच्या आदल्या दिवशी लॅव्हेंडर तेलाची बाटली आणतात, जीव घाबरल्यावर ती पहिल्यांदा उघडतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून बॅगेच्या तळाशी टाकून देतात. मन शांत करण्याची ताकद वासाला मुख्यतः त्याच्याशी जोडलेल्या आठवणीतून येते, आणि ती आठवण आधी घरी तयार करावी लागते. त्यासाठी दोन ते तीन आठवडे हाताशी ठेवा. उद्याच निघायचं असेल तर नवीन वासाच्या फंदात पडू नका. वापरलेला उशीचा अभ्रा उचला आणि बाकी भर स्पर्शावर द्या. स्पर्शाला पूर्वतयारी फार लागत नाही.

वासाचं हे असं का, ते समजून घेतलं तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. नाकाच्या वरच्या टोकाला असलेल्या पेशींकडून संदेश मेंदूच्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागात, जातो आणि तिथून थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात पोचतो. भीती आणि आठवण यांचा कारभार बराचसा याच भागांकडे असतो. बाकीच्या इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस या मेंदूतल्या वाटप-केंद्रात जाऊन मग पुढे जातात, वासाला तो थांबा घ्यावा लागत नाही. म्हणून वास कशाचा आहे हे कळायच्या आतच मन हललेलं असतं. वास ओळखणाऱ्या ग्राहींची (वासाचे रेणू पकडणाऱ्या, पेशींवरच्या प्रथिनांची) जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही काम करतात. थेट रस्त्याचा तोटाही आहे. जो वास एखाद्या आजारपणाशी किंवा भांडणाशी जोडला गेला असेल, तोही तितक्याच वेगाने आत जातो. त्यामुळे ‘हा वास सगळ्यांना शांत करतो’ अशा लेबलवर विश्वास ठेवू नका.

माणसाच्या अंगाच्या वासाबद्दल एक अभ्यास उपयोगी आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१८ मध्ये ९६ स्त्रियांना जोडीदाराने घातलेला, अनोळखी पुरुषाने घातलेला किंवा कोणीच न घातलेला टी-शर्ट हुंगायला देऊन नंतर ताण येईल असं काम दिलं होतं. जोडीदाराचा वास घेतलेल्यांना ताण कमी जाणवला. अनोळखी माणसाचा वास घेतलेल्यांमध्ये कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. हॉस्टेलची गादी, लॉजची उशी, वॉर्डातलं पांघरूण यांत अनोळखी वास असतोच. तिथे आपल्या नाकाखाली आपलाच अभ्रा असावा, एवढा साधा निष्कर्ष मी यातून काढतो. नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्ची लागते हेही तपासून पाहिलेलं आहे: २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना अशा रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा जास्त जागा राहिलेला आढळला. पहिली रात्र वाईट गेली म्हणजे उपाय फसला, असं लगेच ठरवू नका.

आता कापड. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, कारण नाक त्याला सरावलेलं असतं. त्यामुळे कुठल्या कपड्याला घराचा वास आहे हे स्वतः हुंगून ठरवता येणार नाही. चार-पाच रात्री वापरलेला सुती अभ्रा किंवा जवळच्या माणसाने दिवसभर घातलेला सुती टी-शर्ट घ्या. कापड शंभर टक्के सुती हवं. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास लवकर कुबट होतो आणि धुतल्यावरही राहतो. टी-शर्ट घालण्यापूर्वी वासाचं फॅब्रिक कंडिशनर न टाकता धुवा, आणि घालणाऱ्याने त्या दिवशी डिओडरंट किंवा अत्तर लावू नये. काढल्यावर सावलीत तासभर पसरून ठेवा, पूर्ण कोरडा होऊ द्या. ही पायरी गाळली की दोन दिवसांत डबा उघडल्यावर ओलसर, आंबूस वास येतो. तो जिवाणूंचा असतो आणि मग तो तुकडा धुवायलाच टाकावा लागतो.

कोरड्या कापडाचे साधारण १५ सेंटिमीटरचे चौकोन कापा, पाच-सहा पुरे. प्रत्येक चौकोन वेगवेगळ्या, घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत किंवा आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाउचमध्ये ठेवा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वास हळूहळू झिरपतो, शिवाय बॅगेतल्या साबणाचा आणि बुटांचा वास आत येतो. एका वेळी एकच तुकडा वापरात ठेवायचा. फिका पडला की मुठीत दोन मिनिटं धरा; उबेने वासाचे रेणू जास्त सुटतात आणि तो थोडा परत जागा होतो. तेवढ्यानेही जाणवेनासा झाला तर पुढचा तुकडा उघडा. सगळा टी-शर्ट उशाशी घेऊन झोपलात तर तीन-चार रात्रींत त्याला त्या खोलीचाच वास लागतो.

इथे एक इशारा. घराच्या ओढीने डोळे भरून येणं आणि चिंतेने छाती धडधडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घरचा वास पहिलीला कधीकधी आणखी चिघळवतो. पारख सोपी आहे. हुंगण्याआधी अस्वस्थतेला ० ते १० मध्ये आकडा द्या, पाच मिनिटांनी पुन्हा द्या. आकडा दोन-तीन वेळा चढलेला दिसला तर पहिल्या आठवड्यापुरता तो डबा बंद ठेवा. अशांना कोणाच्याही आठवणीत न गुंतलेला, नव्याने शिकवलेला वास जास्त मानवतो. घर सोडून पहिल्यांदाच लांब जाणाऱ्या तरुण मुलांना तर मी आधी नवा वासच सुचवेन.

नवा वास म्हणजे सौम्य साबण, साधी टाल्कम पावडर किंवा सुगंधी तेल. तेलच हवं असेल तर प्रमाण सांभाळा. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून बोळा लहान बाटलीत ठेवा. नाकाला लावायच्या इनहेलर कांडीत आतल्या वातीवर १० ते १५ थेंब पुरतात. त्वचेवर लावायचं असेल तर १० मिलि बेस तेलात (सुगंधी तेल पातळ करायच्या साध्या तेलात) २ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, कारण एक मिलिमध्ये अंदाजे २० थेंब बसतात. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहा. निव्वळ तेल अंगाला लावू नये आणि कुठलंही सुगंधी तेल पोटात घेऊ नये. लॅव्हेंडरमधला लिनॅलूल हा घटक हवेशी संबंध आला की बदलतो आणि त्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून उघडलेली बाटली अंधारात, घट्ट बंद ठेवा आणि वर्षभराने टाकून द्या. दमा किंवा मायग्रेन असेल तर तेलाच्या वाटेला जाऊ नका, साबणाचा तुकडा बरा. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शिकवायचं कसं? रोज रात्री ठरावीक वेळी, आधीच निवांत असताना, दहा मिनिटं. झोपण्यापूर्वी दिवा मंद करून बसलात, आवडीचं काही ऐकलंत की बाटली उघडा, दोन-तीनदा हलकेच हुंगा, श्वास सावकाश सोडा, झाकण लावा, आणि उरलेला वेळ तसंच निवांत बसा. असे किमान १४ दिवस. भांडण झालेल्या, ताप असलेल्या किंवा परीक्षेच्या दिवशी खाडा करा. तो दिवस मोजायचा नाही. याच काळात तोच वास अत्तर म्हणून किंवा खोलीत फवारायला वापरू नका. दिवसभर, वाट्टेल त्या प्रसंगी येणारा वास कुठल्याच एका भावनेला बांधला जात नाही.

प्रवासात वापरताना वेळ साधणं हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच चुकतं. अस्वस्थता ३ किंवा ४ वर असताना बाटली उघडायची. ८-९ वर पोचल्यावर दर वेळी तोच वास घेतला तर काही दिवसांनी तो वासच घाबरण्याची खूण बनतो. उलटी शिकवणी होते. आकडा एवढा चढला असेल तर वास राहू द्या, पाय जमिनीवर घट्ट टेकवा, थंड पाण्याने मनगटं आणि चेहरा भिजवा आणि खाली सांगितलेला खिशातला तुकडा चाचपा. आकडा पाचाखाली आला की मग वास.

हुंगण्याची पद्धतही ठरलेली असावी. कापड किंवा बोळा नाकापासून पाचेक सेंटिमीटरवर आणा, दोन छोटे हुंगे घ्या, हात बाजूला न्या, मनात सहापर्यंत मोजत श्वास सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा. अशा तीन फेऱ्या झाल्या की झाकण बंद. मध्ये थांबायचं ते नाकासाठी: वास सतत समोर राहिला तर काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो, आणि माणूस ‘वास गेला’ म्हणून आणखी तेल ओततो. खोल, लांब श्वास पुन्हा पुन्हा ओढण्याची चूक तर फार जण करतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं की आता काहीतरी भयंकर होतंय.

आता स्पर्श. माझ्या मते घराबाहेर खरं रोजचं काम हाच करतो. तो चारचौघांत लपवता येतो, शेजाऱ्याला त्रास होत नाही, आणि बोट हलवलं की संवेदना पुन्हा ताजी होते. मात्र स्पर्शाची दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या वस्तू लागतात.

पहिलं काम शांतवण्याचं. हाताच्या वरच्या बाजूसारख्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने, त्वचेइतक्याच उबेच्या हलक्या स्पर्शाने गोंजारलं की ते सर्वांत जास्त सक्रिय होतात. ३ सेंटिमीटरच्या आसपासचा वेग उत्तम. मनगटापासून कोपरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे एक फेरी आठ सेकंदांची. घड्याळ लावून एकदा करून पाहा. बहुतेक जण तिप्पट वेगाने चोळत असतात. मऊ, जुनं, बऱ्याचदा धुतलेलं सुती किंवा फ्लॅनेलचं कापड आधी काखेत किंवा पांघरुणात गरम करून घ्या, आणि मनगटाकडून कोपराकडे पाच मिनिटं सावकाश फिरवा. थंड कापडाने हा परिणाम घटतो. स्वतःच स्वतःला केलेल्या स्पर्शाची दखल मेंदू कमी घेतो, त्यामुळे दुसऱ्याच्या हाताची बरोबरी होणार नाही. उघड्या बोटांपेक्षा मधे कापड असलेलं बरं.

दुसरं काम भरकटलेलं लक्ष जागेवर आणण्याचं. यासाठी बोटांची टोकं वापरायची आणि वस्तू गुळगुळीत नको. गुळगुळीत दगड पाच मिनिटांत हाताला जाणवेनासा होतो. त्यापेक्षा ६ बाय ६ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, एक जाड रेघांच्या कॉर्डरॉयचा आणि एक सॅटिनचा. सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून तीन कडा शिवा, उलटा करा, एका कोपऱ्यात दोऱ्याची घट्ट गाठ राहू द्या, मग चौथी कड बंद करा. वापरताना अंगठ्याने कॉर्डरॉयच्या रेघा एकेक करून मोजा, गाठीपाशी थांबा, पलटा, सॅटिनवरून सरळ जा, परत गाठ. मोजताना चुकलं तर पहिल्यापासून. हा तुकडा नाडीने खिशाच्या अस्तराला आतून टाचून ठेवला की मुलाखतीत किंवा मीटिंगमध्ये टेबलाखाली हात गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तो हरवतही नाही.

दाबाचाही उपयोग होतो. वजनदार ब्लँकेट घेताना शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के हा रूढ हिशोब आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ किलो. प्रवासात ते कोण नेणार? जे पांघरूण मिळेल त्याची चौपदरी घडी मांड्यांवर आणि पोटावर ठेवा, वरून दुसरं ओढून त्याच्या कडा गादीखाली खोचा. श्वसनाचा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेल्यांनी, ज्यांना ते स्वतः बाजूला सारता येत नाही अशांनी, आणि लहान मुलांसाठी वजनदार ब्लँकेट नकोच. स्वमग्नता असलेल्या किंवा स्पर्शाला फार हळव्या माणसांना वर सांगितलेलं हलकं गोंजारणं बहुधा सहन होत नाही. त्यांना घट्ट दाब चालतो, कपड्यांची लेबलं आणि जाड शिवणी चालत नाहीत, आणि वास निम्म्या तीव्रतेने सुरू करावा लागतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच करून ठेवा. मूल ज्या चिंधीला किंवा बाहुलीला कवटाळून झोपतं, तिला डोनाल्ड विनिकॉट या बालमानसतज्ज्ञाने १९५३ च्या लेखात संक्रमण-वस्तू म्हटलं आहे. आईपासून थोडं दूर राहायला शिकताना मुलाला तिचा आधार असतो. तिचा मळका वास हाच तिचा जीव. निघण्यापूर्वी स्वच्छ धुऊन देण्याचा मोह टाळा. धुवायचीच असेल तर आठवडाभर आधी. सुरुवातीपासून सारख्या दोन वस्तू ठेवून दर आठवड्याला आलटून पालटून दिल्या तर दोन्ही सारख्याच झिजतात आणि एक हरवली तरी रात्र निभावते. नवीकोरी जोडवस्तू ऐनवेळी काढली तर मूल ती फेकून देतं. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत कुठलीही सैल, मऊ वस्तू ठेवायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या आसपास कापूर, निलगिरी, मेंथॉल यांची तेलं आणि बाम नकोत; कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात.

वयस्क माणसांचं गणित वेगळं. साठीनंतर वासाची जाणीव हळूहळू मंदावते, पार्किन्सन्स आणि अल्झायमरमध्ये तर ती बरीच आधी कमी होते. डोळे मिटायला सांगून सुगंधी साबण नाकापाशी धरा. ओळखता आला नाही तर वासावर वेळ घालवू नका, त्यांचं रोजचं पांघरूण आणि नेहमीची उशी पाठवा. कोविडनंतर ज्यांना आवडते वासही घाणेरडे येऊ लागले आहेत, त्यांनाही हेच लागू.

हॉस्पिटलमध्ये आधी नर्सला विचारा. ऑक्सिजन चालू असेल तर तेल, तेलकट बाम किंवा सुगंधी तेलाचा बोळा नाकाजवळ आणू नये, आग लागण्याचा धोका असतो. कोरडं कापड चालतं. सामायिक खोलीत डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत सोडणारं उपकरण) लावणं म्हणजे इतरांच्या दम्याशी खेळ. वास हातभर अंतरावर दुसऱ्याला येता कामा नये. विमानात हवा फार कोरडी असते, नाक सुकतं आणि वास फिका वाटतो, तेव्हा आणखी थेंब टाकू नका. केबिनमधला हवेचा दाब कमी असल्याने ड्रॉपरच्या बाटलीतली हवा फुगते आणि तेल बाहेर येतं. साध्या आटेदार झाकणाची बाटली उभी ठेवून न्या. हँडबॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिपर्यंतचीच असावी हा नियम बहुतेक ठिकाणी आहेच.

या वस्तू कुबड्या होत आहेत का, हेही अधूनमधून तपासा. ‘तुकडा खिशात नाही म्हणून गेलोच नाही’ असं एकदा जरी घडलं तरी तो आधार अडसर व्हायला लागला आहे. नव्या जागी दोन आठवडे झाले की वास एक दिवसाआड घ्या, मग फक्त कपाटात ठेवा, मग घरी ठेवून एक दिवस बाहेर जाऊन बघा. महिना उलटूनही झोप, जेवण किंवा काम बिघडलेलंच असेल, अचानक घबराटीचे झटके येत असतील, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. छातीत दुखणं पहिल्यांदाच जाणवत असेल तर ते चिंतेमुळेच आहे असं गृहीत धरू नका, आधी हृदय तपासून घ्या.

बाटल्या वाटेत हरवल्या किंवा कोणी अभ्रा धुऊन टाकला, तर घरी जी धुण्याची पावडर वापरता तिचं छोटं पाकीट मिळवा. एक सुती अभ्रा तिने धुवा, कडक वाळवा आणि तीन-चार रात्री त्यावर स्वतः झोपा. तुमच्याच अंगाचा वास त्यात उतरतो. तोपर्यंत कॉर्डरॉयचा तुकडा पुरेसा आहे. तोही गेला असेल तर जीन्सची जाड शिवण अंगठ्याखाली धरा आणि टाके मोजायला लागा.